निटिसिनोन घरी देताना: टायरोसिनेमिया टाइप १ च्या लेकरासाठी कॅप्सूल, ताट आणि कागदपत्रं

लेकराला टायरोसिनेमिया टाइप १ आहे हे कागदावर येईपर्यंत आईबापांची अर्धी ताकद संपलेली असते. मग डॉक्टर निटिसिनोन लिहून देतात, आहारतज्ज्ञ एक तक्ता देतात आणि आपण गाडीत बसून बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरला परत येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हातात कॅप्सूल, समोर दहा महिन्यांचं रडणारं बाळ, शेजारी सासूबाई, आणि यातलं काय कशात कालवायचं ते माहीत नाही. माझी मुलगी आता सात वर्षांची आहे. त्या पहिल्या सकाळी मला जे हवं होतं ते इथे लिहिते आहे. डोस ठरवायचं काम डॉक्टरांचं. मी सांगते आहे तो डोस घरात नीट कसा पाळायचा एवढंच.

औषध करतं काय ते आधी

हिडकलच्या कालव्यावर शेती असणाऱ्यांना पाट समजावून सांगावा लागत नाही. आपण खाल्लेल्या दूध, डाळ, अंड्यातल्या प्रथिनांपासून टायरोसिन नावाचा घटक सुटतो आणि शरीर ते टप्प्याटप्प्यानं मोडतं, एका दारातून पुढच्या दारात. आमच्या लेकरांत शेवटचं दार बिघडलेलं आहे. तिथलं एन्झाइम, ज्याला डॉक्टर एफएएच म्हणतात, जन्मतःच काम करत नाही. पाणी तिथे तुंबतं आणि बांध फोडून शेतात घुसतं. ते घुसलेलं पाणी म्हणजे सक्सिनिलॅसिटोन आणि त्याची भावंडं. यकृत, मूत्रपिंड आणि नसा त्यांनीच नासतात.

निटिसिनोन ते शेवटचं दार दुरुस्त करत नाही. ते वरचं एक दार बंद करतं, म्हणजे विषापर्यंत पाणी पोचतच नाही. पण वरचं दार बंद केलं की त्याच्या मागे पाणी चढणार. तसं रक्तातलं टायरोसिन चढतं. म्हणून पाटात येणारं पाणीच कमी सोडायचं, म्हणजे प्रथिनं मोजून द्यायची. घरातल्या मोठ्यांना मी इतकंच सांगते: कॅप्सूल चालू आहे म्हणून पथ्य सोडता येत नाही, आणि पथ्य कडक आहे म्हणून कॅप्सूल चुकवता येत नाही. पथ्य सोडलं तर डोळे जातील, कॅप्सूल सोडली तर यकृत.

या औषधाचा जन्म तणनाशकांच्या प्रयोगशाळेतला. आमचे हे मक्यात टेंबोट्रायोन मारतात, त्यानं तण आधी पांढरं पडतं आणि मग जळतं. ते तणनाशक रोपातलं जे एन्झाइम बंद करतं, तेच निटिसिनोन माणसात बंद करतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी ते पहिल्यांदा या आजारात वापरलं आणि अमेरिकेत २००२ साली त्याला मान्यता मिळाली. आमच्या नात्यातल्या एकांनी हे ऐकून ‘म्हणजे पोरीला तणनाशक पाजताय?’ असं विचारलं होतं. नाही. तत्त्व एक असलं तरी शेतातली बाटली आणि ही कॅप्सूल यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. फवारणीचा डबा नेहमीसारखा कुलपातच राहू द्या.

चिठ्ठी हातात आल्यावर

सुरुवातीचा डोस साधारण दिवसाला किलोमागे १ मिलिग्रॅम असतो आणि तो दोन वेळांत विभागतात. १० किलोच्या बाळाला म्हणजे सकाळी ५, संध्याकाळी ५. पुढे रिपोर्ट बघून डॉक्टर तो वाढवू शकतात, आणि मूल पाच वर्षांच्या पुढे गेलं, सगळं स्थिर असलं, तर काहींना दिवसातून एकदाच देतात. हे ते ठरवतील. आपण वजन ठरवायचं. लेकरू वाढतं आणि डोस मागे राहतो, ही आमच्याकडे दोनदा झालेली चूक. पहिल्या दोन वर्षांत दर महिन्याला त्याच काट्यावर, कमी कपड्यांत वजन करून वहीत लिहा. किलोभर वाढलं की पुढच्या भेटीची वाट न बघता फोन करा.

कॅप्सूल २, ५, १० आणि २० मिलिग्रॅमच्या मिळतात. १४ किलोच्या मुलाला एका वेळी ७ हवं असेल तर पाचाची एक आणि दोनाची एक. इथे एक सापळा आहे: २ आणि २०. खोका उघडण्याआधी आकडा मोठ्यानं वाचायचा, मेडिकलवाल्यासमोरच. दहाची कॅप्सूल उघडून अंदाजानं अर्धी पूड काढणं कधीच करू नका. ताकद जुळत नसेल तर डॉक्टरांना सांगून दुसरी मागवा.

बाळाला द्यायची पद्धत

मोठं मूल कॅप्सूल पाण्याबरोबर गिळतं. लहानाला ती उघडून द्यावी लागते. हात धुऊन कोरडे करा. छोट्या वाटीत एक-दोन चमचे पाणी घ्या, किंवा आहारतज्ज्ञांनी दिलेल्या खास पावडरीचं थोडं मिश्रण. कॅप्सूल वाटीवर धरून दोन्ही बाजूंनी हलकेच पिळत उघडा आणि टोपण टिचकी मारून रिकामं करा. पूड पाण्यात पूर्ण विरघळत नाही, तरंगते, म्हणून ढवळलं की लगेच पाजायचं. करून ठेवायचं नाही.

मी सुरुवातीला बोंडल्यानं पाजायचे. चार-पाच दिवसांनी लक्षात आलं की बोंडल्याच्या चोचीत पांढरा थर राहतो. तो थर म्हणजे लेकराचा डोस. तेव्हापासून सुई नसलेली सिरिंज, गालाच्या आतल्या बाजूला, थेंबाथेंबानं. नंतर तीच वाटी चमचाभर पाण्यानं खळखळून तेही पाणी पाजायचं. दुधाच्या भरलेल्या बाटलीत औषध घालू नका. बाळानं अर्धी बाटली सोडली तर किती गेलं ते देवाला ठाऊक.

जेवणाआधी की नंतर? दोन्ही चालतं, पण एकदा ठरवलं की रोज तसंच. आमचं सकाळी साडेसात आणि संध्याकाळी साडेसात, देवापुढं दिवा लावायच्या वेळी. संध्याकाळची वेळ दिव्याला बांधल्यापासून ती चुकलेली नाही.

डोस विसरलात तर आठवल्याबरोबर द्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर मागचा सोडा आणि वहीत लिहून ठेवा. दोन डोस एकदम नाही. औषध दिल्यावर लगेच उलटी झाली तर पुन्हा द्यायचं का, हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. रात्री दहा वाजता तो प्रश्न पडला की उत्तर द्यायला कुणी नसतं.

फ्रिज, हेस्कॉम आणि प्रवास

सगळ्या कंपन्यांचे नियम सारखे नाहीत. काही कॅप्सूल २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात आणि बाहेर ठरावीक दिवसच टिकतात. काही गोळ्या खोलीच्या तापमानात चालतात. मागच्या वेळी कोणता नियम होता त्यावर जाऊ नका, प्रत्येक नव्या डब्याचा कागद वाचा. कंपनी बदलली तर नियम बदललेला असू शकतो.

फ्रिजमध्ये ठेवायचं असेल तर मधल्या कप्प्यात, आतल्या बाजूला, स्टीलच्या डब्यात. दारात नको, बर्फाच्या खणाला चिकटून तर नकोच. आमच्या गावात उन्हाळ्यात हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, लाईन सहा-सात तास गेलेली आहे. अशा वेळी फ्रिज उघडायचा नाही, बंद फ्रिज बराच वेळ थंड राहतो. त्याहून जास्त वेळ गेली तर बर्फाची पिशवी टॉवेलात गुंडाळून थर्मासच्या डब्यात आणि त्यावर औषध. बर्फ औषधाला थेट टेकता कामा नये. आज्जी लोणी ठेवायच्या तसं ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मातीचं गाडगं मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत बऱ्यापैकी गार राहतं, पण पावसाळ्यात त्याचा उपयोग नाही, आणि हा फक्त तात्पुरता उपाय. औषध किती वेळ उष्णतेत राहिलं ते खोक्यावर पेननं लिहा आणि मेडिकलवाल्याला विचारा.

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेंगळुरूला जाताना औषध हातातल्या पिशवीत असतं, सीटखालच्या बॅगेत कधीच नाही. जायचे दिवस अधिक चार दिवसांचे डोस सोबत, आणि चिठ्ठीची एक झेरॉक्स.

हे औषध आमच्याकडच्या मेडिकलच्या फळीवर पडलेलं नसतं, मागवावं लागतं. महिनाभराचा साठा उरला की पुढची ऑर्डर, हा आमच्या घरातला नियम कॅलेंडरवर लाल पेननं लिहिलेला आहे. कारण खंड पडला की आजार गुपचूप परत येतो. पोट दुखणं, पाय दुखतात म्हणून रडणं, हातापायांतली ताकद जाणं, पाठ मागे ताणली जाणं, श्वासाला त्रास, अंगाला उकडलेल्या कोबीसारखा वास, काळी शी, नाकातून रक्त. यातलं काही दिसलं तर उद्यापर्यंत थांबू नका. अशा झटक्यात श्वासाचे स्नायूही बंद पडू शकतात.

ताटात काय

इथेच सगळ्यात जास्त भांडणं होतात, आणि इथेच मी सगळ्यात जास्त लिहिणार.

आहारतज्ज्ञ रोज किती ग्रॅम नैसर्गिक प्रथिनं चालतील तो आकडा देतात. बाकीची वाढीची प्रथिनं फेनिलअलानिन आणि टायरोसिन काढून टाकलेल्या खास पावडरीतून. फेनिलअलानिन यात कुठून आलं? कारण शरीर त्याचंच टायरोसिन बनवतं. ती पावडर वासाला भयंकर आहे, मी चाखलेली आहे. दिवसभरात तीन-चार भाग करून, गार करून द्या. पण नैसर्गिक प्रथिनं शून्यावर आणू नका. ‘डाळ वाईट, दूध वाईट’ म्हणून आम्ही दोन आठवडे सगळंच बंद केलं होतं. मुलीचं वजन उतरलं, अंगावर चट्टे आले आणि ओरडा खाल्ला तो मी.

आता आपल्या ताटातले आकडे, अंदाजे. १०० मिलिलिटर दुधात ३ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, एका अंड्यात ६, १०० ग्रॅम शेंगदाण्यांत जवळपास २५. जोंधळ्याच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे १०, तेवढ्याच कच्च्या तांदळात ७-८. आपल्याकडची रताळी मात्र मोठी देणगी, १०० ग्रॅममध्ये दीड ग्रॅमच्या आसपास. आणि साबुदाण्यात अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. म्हणजे उपवासाचं ताट आमच्या पोरीचं रोजचं ताट झालं, फक्त साबुदाण्यात दाण्याचं कूट नाही. जिरं, मिरची, लिंबू आणि उकडलेल्या बटाट्यावर भागवायचं. साबुदाणा आणि बटाटा मिळून थालीपीठ, रताळ्याचे तुपातले काप, आरारुटाची गुळाची खीर पाण्यात. भाकरी हवीच असेल तर मोजून अर्धी, आणि त्या दिवशीचा भात कमी. डिजिटल काटा ओट्यावर ठेवा. सोन्याच्या दुकानातला नाही, चारशे-पाचशे रुपयांचा स्वयंपाकाचा पुरतो.

बेळगावचा कुंदा म्हणजे आटवलेलं दूध, त्याचा एक चमचाही मोजावा लागतो. जत्रेतला पेढा, बुंदीचा लाडू, शेंगाचटणी, झुणका तसंच. पाहुणे ‘एवढंसं खाल्लं म्हणून काय होतंय गे?’ म्हणतात. मी वाद घालत नाही. पोरीच्या हातात खडीसाखर नाहीतर केळं देते आणि पेढा ‘घरी जाऊन खाईल’ म्हणून पदरात बांधते. नंतर तो तिचे बाबा खातात.

एक छुपी गोष्ट: ‘शुगर फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या थंड पेयांत, च्युइंगममध्ये आणि काही औषधांच्या सिरपमध्ये ॲस्पारटेम असतं. त्यातून फेनिलअलानिन मिळतं. खोक्यावर ते नाव शोधायची सवय लावा.

शाळेत सांगायचं ते वेगळंच. कर्नाटकात क्षीरभाग्य योजनेतून २०१३ पासून मुलांना शाळेत आणि अंगणवाडीत दूध मिळतं, शिवाय अंडं, आणि अंडं न खाणाऱ्याला केळं. बाई प्रेमानंच देतात. आम्ही मुख्याध्यापकांना डॉक्टरांचं पत्र दिलं, मराठीत आणि कन्नडमध्ये, कारण स्वयंपाकाच्या मावशी कन्नड बोलतात. दूध नाही, अंडं नाही, केळं चालेल, सांबारातली डाळ नाही, डबा घरचा. पत्रापेक्षा मावशींशी दहा मिनिटं बसून बोलण्याचा उपयोग जास्त झाला.

ताप आला तर

तापात शरीर स्वतःचं मांस मोडतं, त्यातून टायरोसिन सुटतं. म्हणून उपाशी ठेवायचं नाही. साखरपाणी, साबुदाण्याची पातळ पेज, गुळाचं पाणी, थोडं थोडं, रात्रीसुद्धा. औषध चालूच. प्रथिनं त्या दिवसांत किती कमी करायची हे आधीच विचारून ठेवा. लेकरू काहीच पोटात ठेवत नसेल तर सलाईनसाठी दवाखाना गाठा.

आमच्याकडे एक छोटं कार्ड आहे, इंग्रजीत आणि कन्नडमध्ये: आजाराचं नाव, औषध आणि डोस, उपाशी ठेवू नये, औषध थांबवू नये, तज्ज्ञ डॉक्टरांचा नंबर. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी हा आजार पुस्तकातच पाहिलेला असतो, कार्ड दिलं की ते फोन लावतात. फिटची फेनिटॉइन किंवा रक्त पातळ करणारं वॉरफरिन असं काही कुणी सुरू करत असेल तर निटिसिनोन चालू असल्याचं आवर्जून सांगा, त्यांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. आणि काविळीचं गावठी औषध, मग ते कितीही नावाजलेलं असो, नाही. निदान होण्याआधी तीन आठवडे आम्ही तेच करत बसलो होतो.

डोळे आणि तपासण्या

टायरोसिन फार चढलं की त्याचे स्फटिक बुबुळावर बसतात. डोळा लाल, पाणी, उजेड सहन होत नाही. अगदी डोळे आल्यासारखं दिसतं आणि घरातले मेडिकलमधून थेंब आणून घालतात. आमच्या लेकरांत डोळे आले असं म्हणायच्या आधी रक्तातलं टायरोसिन बघायचं आणि नेत्रतज्ज्ञांकडून स्लिट लॅम्पनं तपासून घ्यायचं. औषध सुरू करण्याआधीही ही तपासणी होते, ती टाळू नका. तळहात-तळपायाची कातडी जाड होऊन दुखायला लागली तर तेही त्याच कारणानं. अशा वेळी आधी ताट तपासा, कॅप्सूल मनानं बंद करू नका.

बाकी तपासण्यांची यादी डॉक्टर देतात. बघायचं ते असं: लघवीत किंवा रक्तात सक्सिनिलॅसिटोन सापडू नये, म्हणजे डोस पुरतो आहे. टायरोसिन साधारण ५०० मायक्रोमोलच्या खाली, म्हणजे ताट बरोबर आहे. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट मधूनमधून, कारण औषधानं त्या कमी होऊ शकतात. आणि यकृताची सोनोग्राफी व अल्फा फिटोप्रोटीन, कारण या आजारात यकृताच्या कॅन्सरचा धोका असतो. अल्फा फिटोप्रोटीनचा आकडा बाळांत मुळातच जास्त असतो, औषधानं हळूहळू उतरतो. उतरलेला पुन्हा चढू लागला तर गप्प बसायचं नाही. टायरोसिनसाठी रक्त दर वेळी दिवसाच्या त्याच वेळी द्या, नाहीतर आकड्यांची तुलनाच होत नाही.

पैसा आणि कागद

२०२३ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं सांगितलं की देशात बनलेल्या निटिसिनोनमुळे वर्षाचा खर्च सुमारे २ कोटी २० लाखांवरून अडीच लाखांच्या आसपास आला. अडीच लाखही आमच्यासारख्या ऊसवाल्याला हलके नाहीत, पण घर विकून न पुरणारं आणि कसंबसं जमणारं यात फरक आहे.

राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण २०२१ मध्ये हा आजार आहे, पथ्याच्या पावडरीसाठीही आणि औषधासाठीही. ५० लाखांपर्यंतची मदत सरकारनं ठरवलेल्या उत्कृष्टता केंद्रांमार्फत मिळते, पालकांच्या हातात पैसे येत नाहीत. आपल्याला जवळची दोन: एक बेंगळुरूत, सेंटर फॉर ह्युमन जेनेटिक्स आणि इंदिरा गांधी बालरुग्णालय मिळून, आणि दुसरं मुंबईत केईएम. सीमाभागात प्रत्येक घराचे नातेवाईक दोन्हीकडे असतात आणि मन दोन्हीकडे ओढतं. माझा सल्ला: जिथे दर तीन महिन्यांनी खरोखर जाता येईल तिथेच नाव नोंदवा आणि तिथेच राहा. दोन्हीकडे अर्धवट फाइल ठेवू नका.

सोबत न्यायचं: निदानाचा आणि जनुक तपासणीचा रिपोर्ट, आईवडील आणि बाळाचं आधार, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, वजनाची वही. आधारवरचा पत्ता आणि रेशन कार्डावरचं नाव जुळतं का ते घरूनच बघून जा. कन्नडमधून मराठीत, मराठीतून इंग्रजीत जाताना आमचं आडनाव तीन प्रकारे लिहिलं गेलं होतं. परदेशी कंपनीचं औषध स्वतःच्या वापरासाठी मागवावं लागलं तर २०२३ च्या एप्रिलपासून सीमाशुल्क माफ आहे. त्यासाठी राज्य आरोग्य संचालक किंवा जिल्ह्याचे सिव्हिल सर्जन यांचं प्रमाणपत्र लागतं.

पुढचं बाळ

आईवडील दोघंही वाहक असतात, स्वतः धडधाकट. प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक. पहिल्याला झाला म्हणून पुढची तीन सुटतात असं नाही, प्रत्येक वेळी नवी चिठ्ठी. आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न करतात, आमचंही तसंच झालेलं, आणि त्यात दोघांकडे तोच दोष असण्याची शक्यता वाढते. यात कुणाच्या घराण्याचा दोष काढायचं कारण नाही. जनुक रिपोर्ट जपून ठेवा. त्यावरून गरोदरपणात अकराव्या आठवड्यापासून तपासणी करता येते, म्हणून दिवस राहिल्याबरोबर केंद्राला कळवा, पाचव्या महिन्यात नको.

गर्भातली तपासणी केली नसेल तर बाळ जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांतच सक्सिनिलॅसिटोनची तपासणी करून घ्या. नुसतं टायरोसिन बघून भागत नाही, ते पहिल्या दिवसांत साधं येऊ शकतं. माझा धाकटा गडहिंग्लजला माहेरी झाला, तिसऱ्या दिवशी त्याच्या टाचेचं रक्त कागदावर घेतलं आणि रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी मोजले नाहीत. त्याला आजार नाही. आता तो अंगणवाडीत अंडं खातो, आणि संध्याकाळी साडेसातला ताईच्या कॅप्सूलची रिकामी टोपणं मागायला सगळ्यात आधी हजर असतो.